बहात्तर अब्जांच्या दोन कंपन्या

शुक्रवार, १३ जानेवारी २००६. अमेरिकेचा शेअर बाजार बंद झाला तेव्हा ॲपल कॉम्प्युटर या कंपनीचे बाजारमूल्य ७२.१३ अब्ज डॉलर होते आणि डेलचे ७१.९७ अब्ज. फरक अवघा सोळा कोटी डॉलरचा, म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी. पण या पाव टक्क्यामागे आठ वर्षांची खुन्नस होती. ऑक्टोबर १९९७ मध्ये फ्लोरिडातल्या एका तंत्रज्ञान परिषदेत डेलचे संस्थापक मायकेल डेल यांना कोणीतरी विचारले, ॲपल तुमच्या हाती दिली तर काय कराल? त्यांचे उत्तर होते, कंपनी बंद करीन आणि पैसे भागधारकांना परत करीन. ॲपलला त्या वर्षी सुमारे एक अब्ज डॉलरचा तोटा झाला होता आणि तिचे संस्थापक स्टीव्ह जॉब्स नुकतेच कंपनीत परतले होते. जॉब्स हे वाक्य विसरले नाहीत. त्या शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना चार ओळींचा ईमेल पाठवला. त्याचा आशय असा, की डेल यांना भविष्य काही नीट वर्तवता आलेले नाही, आजच्या भावाने आपली कंपनी त्यांच्या कंपनीपेक्षा मोलाची आहे, शेअर वर-खाली होतच असतात, उद्या चित्र बदलेलही.

जॉब्स यांना हिशेब चुकता केल्याचे समाधान मिळाले असेल, पण आकडे समोर घेऊन बसणाऱ्याला कोडेच पडते. डेलचे आर्थिक वर्ष त्यानंतर तीन आठवड्यांनी संपले. त्या वर्षी तिने ५५.९ अब्ज डॉलरची विक्री आणि ३.५७ अब्ज डॉलरचा निव्वळ नफा जाहीर केला. सप्टेंबर २००५ मध्ये संपलेल्या वर्षात ॲपलची विक्री होती १३.९ अब्ज आणि नफा १.३ अब्जाच्या थोडा वर. जगात विकल्या जाणाऱ्या साधारण दर सहा संगणकांपैकी एक डेलचा असे, ॲपलचा पन्नासांत एखादा. विक्री चौपट, नफा अडीचपट, तरी किंमत तेवढीच! बाजाराला वेड लागले होते, की या दोन कंपन्या मोजण्याची पट्टीच वेगळी होती?

एकाच धंद्यातल्या दोन कंपन्यांचे मूल्यांकन शेजारी मांडणे हा गुंतवणूकदारांचा जुना उद्योग. त्यासाठी लागणारे गणित सातवीच्या मुलालाही जमेल. अवघड भाग त्या गणिताच्या आधी आणि नंतर असतो. डेल आणि ॲपल या जोडीइतके चांगले उदाहरण त्यासाठी क्वचितच मिळेल.

भाव आणि किंमत

सुरुवात अगदी पायापासून करू. त्या दिवशी ॲपलचा शेअर ८५.५९ डॉलरवर बंद झाला, डेलचा तीस डॉलरच्या आसपास. यावरून ॲपल महाग आणि डेल स्वस्त असा निष्कर्ष काढणारे तेव्हाही होते आणि आजही प्रत्येक बाजारात भेटतात. पण शेअरचा भाव म्हणजे कंपनीच्या एका तुकड्याचा भाव. तुकडे किती पाडले आहेत हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. ॲपलचे सुमारे ८४ कोटी शेअर होते आणि डेलचे सुमारे २३७ कोटी. भाव आणि संख्या यांचा गुणाकार केला की दोन्हीकडे बहात्तर अब्ज येतात. ॲपलने फेब्रुवारी २००५ मध्ये एका शेअरचे दोन केले होते. ते केले नसते तर भाव १७१ डॉलर दिसला असता आणि कंपनीची किंमत तसूभरही बदलली नसती.

म्हणून तुलनेची पहिली पायरी बाजारमूल्य. सगळे शेअर आजच्या भावाने विकत घ्यायचे तर किती पैसे लागतील, हे ते सांगते. दुसरी पायरी, त्या पैशांच्या बदल्यात काय मिळते हे पाहण्याची.

दोन भागाकार

बाजारमूल्याला वर्षाच्या विक्रीने भागले तर डेलसाठी उत्तर येते १.३ आणि ॲपलसाठी ५.२. डेलच्या विक्रीच्या एका डॉलरला बाजार एक डॉलर तीस सेंट मोजत होता, ॲपलच्या एका डॉलरला पाच डॉलर वीस सेंट. नफ्याने भागले तर डेलसाठी २० आणि ॲपलसाठी ५४. या दुसऱ्या भागाकाराला किंमत-नफा गुणोत्तर म्हणतात. बाजारातली मंडळी त्याला नुसते पीई म्हणतात आणि दिवसातून दहा वेळा त्याचा उच्चार करतात.

या गुणोत्तराकडे वर्षांच्या भाषेत पाहिले की ते अंगावर येते. नफा आहे तेवढाच राहिला तर डेलला स्वतःची किंमत कमवायला वीस वर्षे लागतील आणि ॲपलला चोपन्न. चोपन्न वर्षे वाट पाहायला कोणी शेअर घेत नाही. ॲपलचा शेअर ८५ डॉलरला घेणारा माणूस नफा झपाट्याने वाढणार आहे असे गृहीत धरत होता. डेलचा तीसला घेणारा तसे धरत नव्हता. त्यामुळे ५४ आणि २० हे आकडे कंपन्यांच्या वर्तमानाबद्दल जेवढे बोलतात, त्याहून जास्त लोकांच्या अपेक्षेबद्दल बोलतात.

इथे एक बारीक सापळा आहे. ॲपलचे वर्ष सप्टेंबरअखेर संपते, डेलचे जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. म्हणजे आपण डेलचा ताजा आकडा ॲपलच्या चार महिने शिळ्या आकड्याशी ताडून पाहत होतो. सावकाश वाढणाऱ्या धंद्यात चार महिन्यांनी फारसे बिघडत नाही. ॲपलच्या बाबतीत बिघडत होते. १८ जानेवारीला तिने नाताळच्या तिमाहीचे निकाल जाहीर केले. विक्री ५.७५ अब्ज डॉलर, नफा ५६.५ कोटी. आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीत नफा होता २९.५ कोटी. जुनी तिमाही वजा करून नवी मिळवली की बारा महिन्यांचा नफा १.६ अब्ज होतो आणि १३ तारखेच्या किमतीचे गुणोत्तर ५४ वरून ४५ वर येते. किंमत तीच धरली तरी केवळ भाजक ताजा केल्याने शेअर नऊ अंकांनी ‘स्वस्त’ झाला. म्हणून दोन प्रतिस्पर्ध्यांची तुलना करताना आधी दोघांचे कॅलेंडर जुळवावे.

ही वाढ टिकली का? सप्टेंबर २००७ मध्ये संपलेल्या वर्षात ॲपलचा नफा साडेतीन अब्जांवर गेला. जानेवारी २००६ ची बहात्तर अब्जांची किंमत त्या नफ्याने भागली तर उत्तर येते वीसच्या थोडे वर, म्हणजे डेलला त्या दिवशी मिळत होते तेवढेच. चोपन्नपट मोजणाऱ्याला दोन वर्षांत वीसपटीचा सौदा हाती आला. तोपर्यंत डेलचा नफा मात्र तीन अब्जांच्या खाली घसरला होता.

गल्ल्यातली रोकड

एखादे दुकान विकत घेताना गल्ल्यातली रक्कमही आपल्याला मिळणार असेल, तर ती वजा करून दुकानाची खरी किंमत काढावी लागते, आणि मालकाने कर्ज काढले असेल तर ते त्यात मिळवावे लागते. कंपन्यांच्या बाबतीतही हेच. ॲपलकडे तेव्हा आठ अब्ज डॉलरहून जास्त रोकड आणि रोखे होते, कर्ज शून्य. डेलकडे दहा अब्जांहून जास्त रोकड आणि रोखे होते, कर्ज किरकोळ. रोकड वजा केली की ॲपलचा निव्वळ धंदा चौसष्ट अब्जांच्या घरात येतो आणि डेलचा त्याहून थोडा खाली. म्हणजे जॉब्स यांनी साजरा केलेला पाव टक्क्याचा फरक या पद्धतीने काही टक्क्यांचा होतो. ॲपल त्या शुक्रवारच्या आधीच पुढे गेली होती.

पण रोकडीलाही जात असते. डेलची रोकड तिच्या कल्पक व्यवस्थेतून येत होती. १९८४ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या वसतिगृहातून सुरू झालेली ही कंपनी संगणक दुकानांत ठेवत नसे. ग्राहक फोनवर किंवा पुढे इंटरनेटवर मागणी नोंदवी, त्याच्या मागणीबरहुकूम यंत्र जोडले जाई. सुटे भाग चार-पाच दिवसांपेक्षा जास्त पडून राहत नसत आणि पुरवठादारांची बिले मात्र दोन महिन्यांहून अधिक काळाने चुकती होत. बहुतेक कारखान्यांना खेळते भांडवल बँकेकडून घ्यावे लागते. डेलला ते पुरवठादार बिनव्याजी देत होते. विक्री वाढत राहते तोवर असा गल्ला फुगत जातो. विक्री घसरू लागली की जुन्या बिलांची रक्कम नव्या विक्रीपेक्षा मोठी ठरते आणि तोच पैसा उलट्या दिशेने वाहू लागतो. ताळेबंदातले एकसारखे दिसणारे दोन डॉलर असे वेगळे असू शकतात.

रोकडीच्या याच चष्म्यातून मायकेल डेल यांचे १९९७ मधले वाक्यही तपासता येते. तेव्हा ॲपलकडे सुमारे दीड अब्ज डॉलर होते आणि सुमारे ९५ कोटींचे दीर्घ मुदतीचे कर्ज. कर्ज फेडून उरणार होते जेमतेम अर्धा अब्ज, आणि बाजारमूल्य होते तीन अब्जांच्या थोडे खाली. कारखाने आणि माल विकून आणखी काही हाती आले असते, पण कंपनी गुंडाळण्याचा खर्च आणि इतर देणीही होतीच. भागधारकांच्या हातात बाजारभावापेक्षा खूप कमी पडले असते. म्हणजे ॲपलच्या सर्वात वाईट दिवसांतही बाजार रोकडीपलीकडच्या कशाला तरी दोन अब्जांहून जास्त मोजत होता. नाव, निष्ठावान ग्राहक, स्वतःची कार्यप्रणाली, परत आलेला संस्थापक असे जे काही असेल ते.

प्रतिस्पर्धी, पण कशात?

आता गणिताच्या आधीचा अवघड भाग. दोन कंपन्यांची तुलना करायची तर त्या एकाच धंद्यात असायला हव्यात. डेल आणि ॲपल दोघींच्या खोक्यांत संगणक असे, दोघींचा उल्लेख बातम्यांत एकाच रकान्यात येई. पण खोके उघडून पाहू.

डेलच्या संगणकात प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. डेलचे स्वतःचे कौशल्य जुळणी, पुरवठा आणि भाव यांत होते. तेच संगणक एचपी, गेटवे, लेनोव्हो सगळेच बनवू शकत होते, म्हणून किंमत वाढवण्याची सोय नव्हती. शंभर डॉलरच्या विक्रीतून उत्पादनखर्च वजा जाता डेलकडे अठरा डॉलरच्या आसपास राहत, ॲपलकडे एकोणतीस. ॲपल संशोधनावर वर्षाला सुमारे ५३ कोटी डॉलर घालत होती, चौपट मोठी डेल सुमारे ४६ कोटी. जी कंपनी दुसऱ्यांनी शोधलेल्या वस्तू उत्तम रीतीने विकते, तिला संशोधनाची गरज कमी पडते. ते तेव्हा काटकसरीचे लक्षण मानले जाई, आणि डेलच्या व्यवस्थेवर व्यवस्थापन शाळांतून धडे शिकवले जात.

दुसरा फरक अधिक मोठा. नाताळच्या त्या तिमाहीत ॲपलने साडेबारा लाख मॅक संगणक विकले आणि एक कोटी चाळीस लाख आयपॉड. पावणेसहा अब्जांच्या विक्रीतला जवळपास निम्मा वाटा खिशात मावणाऱ्या गाणी वाजवणाऱ्या यंत्राचा होता. म्हणजे ज्या दिवशी ॲपलने संगणक कंपनी म्हणून डेलला मागे टाकले, त्या दिवशी ती अर्धीच संगणक कंपनी उरली होती. वर्षभरात, जानेवारी २००७ मध्ये, आयफोन दाखवला गेला त्याच दिवशी तिने आपल्या नावातून ‘कॉम्प्युटर’ हा शब्द काढून टाकला. तेव्हा ५४ विरुद्ध २० ही तुलना दोन संगणक कंपन्यांची नव्हतीच. एका बाजूला संगणक विकणारी कंपनी होती आणि दुसऱ्या बाजूला संगणकांतून बाहेर पडणारी.

संगणकाचा धंदा स्वतः किती मोलाचा होता, हे पाहायला दोन सौदे पुरेसे आहेत. डिसेंबर २००४ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणकांचा विभाग, थिंकपॅडसकट, चीनच्या लेनोव्होला विकायचे ठरवले. देणी धरून किंमत १.७५ अब्ज डॉलर. विभागाची वार्षिक विक्री होती सुमारे साडेनऊ अब्ज आणि साडेतीन वर्षांचा तोटा एक अब्जाच्या जवळ. ज्या कंपनीने १९८१ मध्ये या यंत्राचा साचा घालून दिला तिनेच त्यातून अंग काढून घेतले. दुसरा सौदा गेटवेचा. गाईच्या अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या खोक्यांत संगणक पाठवणारी ही कंपनी. १९९९ च्या अखेरीस तिचा शेअर ऐंशी डॉलरच्या वर होता. २००७ मध्ये तैवानच्या एसरने ती एक डॉलर नव्वद सेंट दराने, एकूण ७१ कोटी डॉलरला घेतली. विक्री तेव्हाही चार अब्जांच्या आसपास होती. दोन्ही सौद्यांत विक्रीच्या एका डॉलरला साधारण अठरा सेंट मोजले गेले. त्या मानाने डेलला मिळणारे एक डॉलर तीस सेंट म्हणजे बाजाराने तिच्यावर दाखवलेला मोठाच विश्वास होता. ॲपलच्या शेजारी स्वस्त दिसणारी डेल तिच्या खऱ्या भाऊबंदांच्या शेजारी ठेवली की महाग दिसते. शेजारी कोणाला बसवता यावर उत्तर ठरते.

नफा किती काळ आपला?

मग वीसपट नफ्याला मिळणारी डेल घ्यायला हवी होती का? अनेक अनुभवी लोकांना तसे वाटले. नफा मोठा, रोकड भरपूर, गुणोत्तर माफक. पण गुणोत्तराच्या खाली जो नफा लिहिलेला असतो, तो कुठून आला याची चौकशी गुणोत्तर करत नाही.

ती चौकशी पुढे अमेरिकेच्या रोखे आणि विनिमय आयोगाने केली. जुलै २०१० मध्ये आयोगाने आरोप ठेवला, की डेलने प्रतिस्पर्धी एएमडीचे प्रोसेसर वापरू नयेत म्हणून इंटेल तिला मोठ्या रकमा देत होती आणि हे गुंतवणूकदारांना नीट सांगितले गेले नाही. आयोगाच्या हिशेबाने २००३ च्या आर्थिक वर्षात या रकमा डेलच्या कार्यचालन नफ्याच्या १० टक्के होत्या. २००६ च्या वर्षात त्या ३८ टक्क्यांवर गेल्या आणि त्यापुढच्या तिमाहीत ७६ टक्क्यांवर. डेलने आरोप मान्य किंवा अमान्य न करता दहा कोटी डॉलरचा दंड भरून प्रकरण मिटवले. मायकेल डेल यांनी स्वतः चाळीस लाख डॉलर भरले.

या माहितीनंतर २००६ च्या जानेवारीतला भागाकार पुन्हा करून पाहू. नफ्यातला ३८ टक्के भाग इंटेलच्या मर्जीवर असेल, तर डेलच्या स्वतःच्या नफ्याच्या हिशेबाने वीसचे गुणोत्तर ढोबळमानाने बत्तीसवर जाते. ती कंपनी स्वस्त नव्हतीच, तिचा भाजक फुगलेला होता. २००६ मध्ये डेलने एएमडीचे प्रोसेसर घ्यायचे ठरवले आणि इंटेलकडून येणारा ओघ आटला. त्याच वर्षी एचपीने जगभरच्या विक्रीत डेलला गाठून मागे टाकले. दुकानात जाऊन लॅपटॉप हाताळून घेणारा ग्राहक वाढला होता आणि डेल दुकानांत नव्हती. जानेवारी २००७ मध्ये मायकेल डेल यांना मुख्याधिकारीपदावर परतावे लागले.

ही इंटेलची गोष्ट २००६ मध्ये सामान्य गुंतवणूकदाराला कळण्यासारखी नव्हती, हे खरे. पण नफ्याचा ताबा कोणाकडे आहे, हा प्रश्न तेव्हाही विचारता येत होता. ज्या यंत्राचे दोन महत्त्वाचे भाग दोन बलाढ्य पुरवठादारांकडून येतात, त्यातला नफा त्या पुरवठादारांनी ठेवला तेवढाच जुळणाऱ्याला राहतो. हे गेटवेच्या ताळेबंदावरून दिसत होते, आयबीएमच्या निर्णयावरूनही दिसत होते. डेलने त्या वर्षी नफ्याच्या दुप्पट, म्हणजे सात अब्ज डॉलरहून जास्त, स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यात घातले. सरासरी भाव पडला पस्तीस डॉलरच्या आसपास. त्या भावाला आपला शेअर स्वस्त आहे असे कंपनीच्या चालकांनाही वाटत होते, एवढाच त्याचा अर्थ.

महाग गुणोत्तराचे दोन शेवट

ॲपलची गोष्ट वाचून कोणाला वाटेल, की चढ्या गुणोत्तराला घाबरू नये, वाढणारी कंपनी कितीलाही घ्यावी. त्यांनी मार्च २००० मधली डेल पाहावी. तेव्हा तिचे बाजारमूल्य जवळपास दीडशे अब्ज डॉलर होते. नुकत्याच संपलेल्या वर्षाचा नफा होता १.६७ अब्ज. गुणोत्तर नव्वदच्या घरात. वाढ झाली नाही असेही नाही. पुढच्या सहा वर्षांत विक्री पंचवीस अब्जांवरून छप्पन्नवर गेली, नफा दुपटीहून अधिक झाला. आणि बाजारमूल्य निम्मे झाले. धंदा दुप्पट आणि किंमत अर्धी, कारण नव्वदपट मोजणाऱ्यांनी दुपटीपेक्षा कितीतरी जास्त वाढ आधीच किमतीत धरली होती.

उलट टोकही पाहण्यासारखे आहे. एप्रिल २०१३ मध्ये ॲपलचा शेअर ३९० डॉलरच्या आसपास आला, गुणोत्तर दहाच्याही खाली. कंपनीकडे तेव्हा सुमारे १४५ अब्ज डॉलरची रोकड आणि रोखे होते, म्हणजे ती वजा केली तर धंद्याला सहापटही मिळत नव्हती. बाजाराची भीती काय होती? जे संगणकांचे झाले तेच फोनचे होईल. अँड्रॉइड सगळ्यांना मिळणार, सॅमसंग आणि इतर कंपन्या तसेच फोन बनवणार, नफा घसरणार. डेल आणि गेटवेचा इतिहास बाजाराने ॲपलच्या माथी मारला होता. पण ॲपलची कार्यप्रणाली तिची स्वतःची होती आणि ग्राहक तिच्यात रुळलेला होता. तंत्रज्ञानापासून दूर राहणाऱ्या वॉरेन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने २०१६ मध्ये ॲपलचे शेअर घ्यायला सुरुवात केली, तेव्हाही गुणोत्तर अकराच्या आसपासच होते. ऑगस्ट २०१८ मध्ये ॲपलचे बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरवर गेले.

२८.६१ की १२.६८?

ॲपलचा शेअर असा खाली आला होता त्याच वर्षी, २०१३ मध्ये, मायकेल डेल यांनी सिल्व्हर लेक या गुंतवणूक संस्थेला बरोबर घेऊन आपली कंपनी बाजारातून बाहेर काढली. भागधारकांना पैसे परत करण्याची वेळ शेवटी त्यांच्याच कंपनीवर आली. एका शेअरला १३.७५ डॉलर आणि वर थोडासा लाभांश, एकूण सौदा २४.९ अब्ज डॉलरचा. काही भागधारकांना हा भाव अपुरा वाटला. विकत घेणारा माणूस कंपनी आतून ओळखतो, तो स्वस्तात मिळाल्याशिवाय घेईल कशाला, हा त्यांचा रास्त प्रश्न होता. डेलावेअर राज्याच्या कायद्याने अशा भागधारकाला न्यायालयाकडून योग्य मूल्य ठरवून मागता येते. त्यांनी ते मागितले.

दोन्ही बाजूंनी नामांकित अर्थतज्ज्ञ उभे केले. दोघांनी एकच पद्धत वापरली. पुढच्या वर्षांत येणाऱ्या रोकडीचा अंदाज बांधायचा आणि ती आजच्या पैशांत आणून बेरीज करायची. कंपनी एकच, तारीख एकच, कागदपत्रे तीच. भागधारकांच्या तज्ज्ञाचे उत्तर आले २८.६१ डॉलर आणि कंपनीच्या तज्ज्ञाचे १२.६८. न्यायाधीशांनी २०१६ मध्ये स्वतः हिशेब करून १७.६२ डॉलर ठरवले. डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तो निकाल फिरवला. बाजारभाव आणि खुलेपणाने झालेल्या सौद्याचा भाव बाजूला सारण्यासारखे काही पुराव्यात नाही, त्यांना भरपूर वजन द्यायला हवे, असे त्यांचे म्हणणे.

१२.६८ आणि २८.६१ यांच्यात दुपटीहून जास्त अंतर आहे, आणि दोन्ही तज्ज्ञांचे गुणाकार-भागाकार बरोबर होते. मतभेद होता तो संगणकांची विक्री किती वेगाने घटेल, नवे धंदे किती कमावतील आणि ही कमाई किती जोखमीची आहे, यावर. त्या अंदाजांना तेव्हा कोणीही खरे-खोटे ठरवू शकत नव्हते. पुढे डेलने ईएमसी ही साठवण यंत्रांची प्रचंड कंपनी घेतली, डिसेंबर २०१८ मध्ये ती पुन्हा शेअर बाजारात आली आणि नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या सर्व्हरच्या मागणीने तिचे मूल्य चढले. तेव्हाच्या कुठल्याच तक्त्यात हा रकाना नव्हता.

प्रतिस्पर्धी कंपन्यांची गुणोत्तरे शेजारी मांडण्याचा उपयोग इथे नेमका कळतो. स्वस्त कोण आणि महाग कोण हे ती सांगू शकत नाहीत. बाजार कोणाकडून काय अपेक्षा करतो आहे, तेवढे मात्र ती चोख सांगतात. ५४ हा आकडा म्हणत होता, ॲपलचा नफा काही वर्षांत अनेक पट होईल. २० म्हणत होता, डेलचा आहे तसा टिकेल आणि सावकाश वाढेल. दोन्ही विधाने शब्दांत लिहून काढली की तपासता येतात. नवे काय विकले जाते आहे, भाव वाढवण्याची ताकद कोणात आहे, नफ्यात पुरवठादाराचा हात किती, रोकड कमावलेली आहे की उधारीवर मिळालेली. हे तपासून ज्याचे मत बाजारापेक्षा वेगळे पडते, त्यानेच खरेदी किंवा विक्री करावी. ज्याचे मत तेच राहते, त्याला मोजलेल्या किमतीत बाजाराएवढाच लाभ मिळेल, आणि त्यात काही वाईट नाही.